वाचकांचे प्रश्न : गोष्टीतून इंग्रजी शब्द कसे पक्के करायचे

मागच्या अंकात मी एक ओळ लिहिली होती की इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करणं सोडा आणि छोट्या गोष्टी वाचा, तर त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की या वेळचं पूर्ण पान त्यालाच देऊन टाकते. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून कुणाचंच नाव दिलं नाही, गाव-मोहल्ला तेवढा ठेवलाय.

ताई, माझं बारावीपर्यंत मराठी मीडियम झालं. साधं इंग्रजी मले समजते, मुलाच्या शाळेत मीटिंगले गेली की मॅडम काय सांगून राहिल्या ते कळते, पण बोलायची वेळ आली की तेच चार शब्द, गुड, बॅड, नाइस, व्हेरी नाइस. म्हणून वही केली, रोज दहा शब्द आणि त्याचा अर्थ. सहाशेच्या वर शब्द झाले. परवा पहिलं पान उघडून पाहिलं तर अर्धे आठवलेच नाहीत, रडूच आलं. गोष्ट वाचून वेगळं काय होणार आहे? वहीच्या एका पानाचा फोटो पाठवते.
(गृहिणी, मानेवाडा)

ताई, घरचं सगळं सांभाळून सहाशे शब्द लिहून काढले म्हणजे तुमच्या मेहनतीत काहीच कमी नाही हे आधी सांगते. कमी आहे ती त्या वहीत. वहीतला शब्द एकटा असतो, त्याच्या आजूबाजूला ना माणूस ना जागा, मग तो आठवणार कशाच्या आधाराने? आपण मराठी शब्द कसे शिकलो आठवून बघा, 'खरडपट्टी' म्हणजे काय हे आपल्याला कुणी अर्थ लिहून दिलं नव्हतं, लहानपणी कुणाची तरी खरडपट्टी निघताना आपण दारामागून ऐकली आणि तो शब्द त्या आवाजासकट, त्या माणसाच्या पडलेल्या तोंडासकट डोक्यात बसला तो आजपर्यंत. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्या दिवसातच पुसलं जातं आणि मग विसरण्याचा वेग कमी होत जातो. पण त्याने पाठ काय केलं होतं? मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं. आपली शब्दांची वही नकळत तशीच होऊन जाते, अर्थ समोर लिहिलेला असतो पण त्या अर्थाला चिकटायला काही नसतं.

आता तुमच्या फोटोतलंच बघा. एकाखाली एक चार शब्द आहेत, ग्लान्स, स्टेअर, गेझ, पीप, आणि चारही शब्दांपुढे तुम्ही लिहिलंय 'बघणे'. डिक्शनरीतून घाईत उतरवलं की असंच होतं. पण आपल्या मराठीत बघणं एकच आहे का हो? ग्लान्स म्हणजे ओझरती नजर टाकणं. स्टेअर म्हणजे टक लावून बघणं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं. गेझ म्हणजेही एकटकच, पण त्यात तंद्री आहे, कौतुक आहे, बाळ झोपलं की आई बघत बसते तसं. आणि पीप म्हणजे हळूच डोकावणं. आपल्याकडे एवढे छान छान शब्द असताना आपण सगळ्यांवर 'बघणे'चा एकच शिक्का मारतो आणि मग चारही शब्द एकमेकांत मिसळून जातात.

मी आमच्या वर्गात एक छोटी गोष्ट सांगायची, ती इथे सांगते.

कळमना मार्केटात एक शेतकरी संत्री घेऊन पहाटेपासून उभा आहे. एक व्यापारी येतो, ढिगाकडे नुसता ग्लान्स करतो आणि पुढे निघून जातो, शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. दुसरा येतो, एक संत्रं उचलतो आणि सालीवरच्या डागाकडे स्टेअर करत राहतो. शेतकऱ्याला सांगायचं आहे की डाग वरूनच आहे, आत माल चांगला आहे, पण तो हेझिटेट करतो, शब्द तोंडापर्यंत येतात आणि थांबतात. भाव ठरतो तो फारच कमी, शेतकरी रिलक्टंटली मान हलवतो. आणि टेम्पोच्या मागून त्याची लहान पोरगी हे सगळं पीप करून बघून राहिली आहे.

आता पहिल्या व्यापाऱ्याने ग्लान्सच्या जागी स्टेअर केलं असतं तर? शेतकऱ्याला आशा वाटली असती, म्हणजे गोष्टच बदलली असती. एवढं ज्याच्या लक्षात आलं त्याला हे दोन शब्द पुन्हा वेगळे करून शिकवायची गरज पडत नाही. रिलक्टंटलीचा अर्थ डिक्शनरीत 'अनिच्छेने' मिळेल, पण आपण बोलताना कधी अनिच्छेने म्हणतो? आपण म्हणतो मन नव्हतं, कां-कूं करत हो म्हटलं. तर वहीत 'कां-कूं करत' लिहा, आणि पुढे लिहा 'संत्रावाला शेतकरी'.

वाचायची पद्धत म्हणाल तर माझा एकच आग्रह आहे, एकच गोष्ट चार वेळा वाचा, चार गोष्टी एकेकदा वाचू नका. पहिल्यांदा पेन्सिल नाही, मोबाइल नाही, फक्त काय झालं ते शोधायचं, कोण आलं, काय बिघडलं, शेवटी काय झालं, शब्द अडला की ओलांडून पुढे. दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन पाचसहा शब्दांखालीच रेघ, त्याहून जास्त नाही, आणि शब्द असे निवडायचे की ज्याच्यावाचून गोष्ट कळत नाही किंवा जे पुन्हा पुन्हा येत आहेत. आधी अंदाज करायचा आणि मगच डिक्शनरी उघडायची, अंदाज चुकला तरी हरकत नाही, चुकलेला अंदाज दुरुस्त झाला की तो शब्द जास्त घट्ट बसतो हे मी पोरांमध्ये कितीतरी वेळा पाहिलं. तिसरं वाचन दुसऱ्या दिवशी, चौथं आठवड्याने. आणि त्यानंतर पुस्तक मिटून ती गोष्ट घरात कुणाला तरी मराठीतच सांगा, फक्त ते पाच शब्द इंग्रजीत ठेवून, पोळ्या लाटता लाटता सांगितली तरी चालते.

सहाशेची वही फेकू नका. गोष्टीत त्यातला एखादा शब्द भेटला की वहीत जाऊन त्याच्यापुढे त्या माणसाचं नाव टाका.

मॅडम, मी बीएससी फर्स्ट इयरले आहे, काटोलहून रोज एसटीने अप-डाऊन करतो. तुमचं वाचून बर्डीवरून साठ रुपयात जुनं पुस्तक घेतलं, ओ. हेन्रीच्या गोष्टी. 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' लहानशी दिसली म्हणून तीच आधी घेतली तर पहिल्याच पानावर पंधरा-वीस शब्द अडले. माझं इंग्रजी एवढं कच्चं आहे काय?
(विद्यार्थी, काटोल)

नाही बेटा, तुझं इंग्रजी कच्चं नाही, गोष्ट निवडताना फसगत झाली आणि ती सगळ्यांचीच होते कारण आपण पानं मोजतो, शब्द मोजत नाही. छोटी गोष्ट म्हणजे सोपी गोष्ट असं अजिबात नसतं. ही गोष्ट १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आली होती, तिथल्या त्या काळच्या वाचकांसाठी, आणि या लेखकाला भारदस्त शब्द मुद्दाम साध्या प्रसंगात वापरायची हौस होती. मेंडिकन्सी म्हणजे भीक मागणं, पार्सिमनी म्हणजे चिक्कूपणा, हे शब्द आज बोलण्यात कितीसे येतात? त्याच्यासाठी एसटीत डोकं दुखवून घेऊ नको. गोष्ट फार सुंदर आहे, पुस्तक जपून ठेव, वर्ष-दीड वर्षाने पुन्हा काढ, तेव्हा किती शब्द आपसूक सुटतात ते बघ.

आता निवडायचं कसं. हू आणि पॉल नेशन या दोन भाषा-अभ्यासकांनी २००० मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यातून असं निघालं की गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायची असेल तर तिच्यातले ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द आधीच माहीत पाहिजेत. म्हणजे पन्नास शब्दांत एकच नवा. साध्या पुस्तकाच्या पानावर अडीचशे शब्द धर, तर पानाला पाच. दुकानात उभं राहूनच मधलं कुठलंही पान उघड आणि अडेल त्या शब्दाला एक बोट मोड, पाच बोटांत पान संपलं तर ते पुस्तक तुझं. सात-आठ झाले तरी चालेल, डिक्शनरी घेऊन घरी वाच. पंधरा झाले तर दुकानदाराला परत दे.

शब्द मोजून गोष्टी लिहिण्याची ही कल्पना बरीचशी आपल्याच उपखंडात वाढली हे मला नेहमी सांगावंसं वाटते. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजात होते, तिथल्या मुलांना बघून त्यांच्या लक्षात आलं की पोरं इंग्रजी वाचायला घेतात आणि नव्या शब्दांच्या गर्दीत गुदमरतात, म्हणून त्यांनी १९२० च्या दशकात मोजक्या शब्दांची आणि नवा शब्द पुन्हा पुन्हा भेटेल अशी वाचनमाला केली. पुढे १९५३ मध्ये सुमारे दोन हजार अतिशय कामाच्या शब्दांची त्यांची यादी छापून आली. आज दुकानात ग्रेडेड रीडर म्हणून जी पातळ पुस्तकं मिळतात ती त्याच वाटेवरची आहेत. त्यांच्या कव्हरवर किंवा मागे लेव्हल लिहिलेली असते, कधी शब्दांचा आकडा, कधी ए वन, बी वन अशी अक्षरं. ती अक्षरं भाषा किती येते ते सांगणाऱ्या, २००१ मध्ये छापलेल्या युरोपच्या मोजपट्टीतली, ए वन पासून सी टू पर्यंत सहा पायऱ्या, आणि आपण ज्याला मधली लेव्हल म्हणतो ती बी वन आणि बी टू. तू बी वनपासून सुरू कर. कॉलेजात पोरं काय म्हणतील म्हणून वरच्या लेव्हलचं उचलू नको.

आणि ग्रेडेड पुस्तकं दोन-तीन झाली की आर. के. नारायण. 'मालगुडी डेज' १९४३ चं आहे पण वाक्यं सरळ, आणि माणसं आपली, ज्योतिषी, पोस्टमन, दुकानदार, त्यामुळे प्रसंग आधीच कळलेला असतो आणि नवा शब्द त्या प्रसंगातूनच अर्थ सांगतो. हे फार मोठं सोयीचं आहे. बर्फाचं वादळ आणि फायरप्लेस समजून घेण्यातच शक्ती गेली तर शब्दासाठी काय उरणार.

एसटीत मात्र नवी गोष्ट वाचू नको, धक्क्यात पेन्सिल चालत नाही. आदल्या दिवशी दोनदा वाचलेलीच एसटीत तिसऱ्यांदा वाच.

नमस्कार. मी बुटीबोरीत कंपनीत सुपरवायझर आहे. माझा प्रॉब्लेम उलटा आहे, गोष्टीतले सगळे शब्द माहीत असतात पण वाक्य लागत नाही. एका गोष्टीत होतं 'दे रॅन आऊट ऑफ शुगर'. साखरेतून पळाले? रनआऊट झाले? मुलीला विचारलं तर तिलाही सांगता आलं नाही.
(वाचक, बुटीबोरी)

तुमच्याच पत्रातला शब्द घेते. तुम्ही लिहिलं 'वाक्य लागत नाही'. आता हा 'लागणे' बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरीत नंबर लागतो, दुपारी डोळा लागतो, नागपुरात मे महिन्यात ऊन लागते, आणि वाक्य लागत नाही. एखादा इंग्रज मराठी शिकायला आला आणि त्याने 'लागणे' चा एकच अर्थ वहीत लिहिला तर त्याचं काय होईल! तुमचं त्या वाक्यात तेच झालं. रन, गेट, पुट, टेक, गिव्ह हे त्यांचे 'लागणे' आहेत, पुढे आऊट, अप, ऑफ लागलं की पूर्ण वेगळाच शब्द तयार होतो. रन आऊट ऑफ म्हणजे संपणं, तेही वापरता वापरता संपणं, त्यांच्याकडची साखर संपली. पुट अप विथ म्हणजे खपवून घेणं, आता आपल्या 'खपवून घेणे' मध्ये तरी कोण काय हातात घेते? रन इंटू म्हणजे अचानक गाठ पडणं. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं.

म्हणून मधल्या लेव्हलला आलेल्या माणसाने नुसते मोठे शब्द शोधत बसू नये असं मला अगदी मनापासून वाटते. अवघड दिसणारा शब्द आपण डिक्शनरीत बघतोच, पण 'पुट' कोण बघते? आणि अडतो आपण तिथेच. रेघ मारताना पूर्ण जोडीखाली मारा, रन खाली नाही तर रन आऊट ऑफ खाली, आणि डिक्शनरीतही रनच्या नोंदीत खाली खाली जाऊन ती जोडी शोधा.

अजून एक सांगते, आपल्याकडे रोज वापरले जाणारे काही इंग्रजी शब्द गोष्टीत वेगळ्या अर्थाने येतात आणि माहितीचे वाटतात म्हणून जास्त फसवतात. आपण म्हणतो पोरगं इंजिनिअरिंग पास आऊट झालं. गोष्टीत कुणी बसमध्ये पास आऊट झालं तर तो शुद्ध हरपून पडला आहे. आपण हॉटेलात जातो पोहे-तर्री खायला, गोष्टीतला माणूस हॉटेलात मुक्कामाला असतो. वर्गात मुलं म्हणतात मॅडम डाऊट आहे, म्हणजे प्रश्न विचारायचा आहे, गोष्टीत डाऊट म्हणजे खात्री नसणं, मनात पाल चुकचुकणं. असा शब्द जिथे अर्थाला खटकेल तिथे थांबा.

मी महालमध्ये स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला आहे. सरांनी वहीत मराठी अर्थ लिहायला बंदी केली, म्हणतात इंग्रजीतच विचार करा, मराठी डोक्यातून काढून टाका. तुम्ही तर मराठीत गोष्ट सांगा म्हणता. कुणाचं ऐकू?
(वाचक, महाल)

त्या सरांचा हेतू चांगलाच असेल, बोलताना मनात भाषांतर करत बसलं की जीभ अडते हे खरं आहे. पण मराठी डोक्यातून काढून टाका हे मला मान्य नाही आणि ते का ते सांगते.

मी आठवीत असताना धड्यात रिग्रेट हा शब्द आला होता. मी हात वर करून विचारलं, बाई, रिग्रेट म्हणजे हळहळ की पश्चात्ताप? इंग्रजीच्या तासाला मराठीत विचारलं म्हणून मला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं. त्यानंतर कितीतरी महिने मी त्या तासाला तोंड उघडलं नाही. पुढे स्वतः शिकवायला लागली तेव्हा कळलं की तो प्रश्न किती बरोबर होता, कारण रिग्रेटमध्ये दोन्ही बसतात, खंत पण बसते, आणि गोष्टीतला माणूस स्वतःच्या चुकीवर रिग्रेट करून राहिला की हातून गेलेल्या संधीवर, यावरूनच आपल्याला ठरवावं लागते कोणता मराठी शब्द जवळचा. हे ठरवणं म्हणजेच तो शब्द शिकणं. ज्याच्याकडे हळहळ, खंत, पश्चात्ताप असे तीन शब्द आहेत तो रिग्रेट जास्त खोल समजू शकतो, आणि त्यालाच आपण सांगायचं की तुझे तीन शब्द बाहेर ठेवून ये?

हां, एका गोष्टीत सर बरोबर आहेत. एक इंग्रजी शब्द बरोबर एक मराठी शब्द असं समीकरण केलं की खड्ड्यात पडतो. ऐकणे म्हणून लिहिलं तर हिअर आणि लिसन दोन्ही त्यात येतात, कानावर पडलं ते हिअर आणि कान देऊन ऐकलं ते लिसन. उधार म्हटलं की बॉरो आणि लेंडची अदलाबदल होते, म्हणून आपली मुलं 'लेंड' म्हणायचं तिथे 'बॉरो मी युवर पेन' म्हणतात. तेव्हा एक शब्द लिहू नका, एक प्रसंग लिहा. वहीत 'हिने शेजारणीकडून इस्त्री मागून आणली' लिहिलं की बॉरो कायमचा हिच्या बाजूला बसतो आणि लेंड शेजारणीच्या. शब्द पाच-सात वेगवेगळ्या गोष्टींत भेटला की मराठी ओळ आठवायची गरजच पडत नाही, ती आपोआप गळून जाते, तिला ओढून काढू नका.

क्लास सोडू नका. बोलायची सवय तिथेच होणार. घरच्या वहीत काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मॅडम, मी रेल्वेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, वय ६४. नात बंगलोरले इंग्रजी शाळेत आहे, दर रविवारी फोनवर मी तिले छोटी इंग्रजी गोष्ट वाचून दाखवतो. अर्थ बऱ्यापैकी लागते पण उच्चार लिहिल्यासारखे करतो आणि ती हसते. या वयात सुधरते का?
(वाचक, अजनी)

काका, सुधरते, आणि तुम्ही नातीला गोष्ट वाचून दाखवता हे वाचून मला इतकं छान वाटलं की तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार काढायला गेलं की भले भले फसतात, रिसीट मधला पी बोलायचा नसतो, डेट म्हणजे कर्ज त्यातला बी नाही, आयलंड मधला एस नाही, आणि कर्नल तर लिहितात एक आणि म्हणतात भलतंच, त्याच्या स्पेलिंगमध्ये 'र' कुठेच नाही. हे डोळ्यांनी कळणारच नाही, कानांनीच कळणार. तर उलट करा. नातीला सांगा की गोष्ट आधी तू वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव. सकाळी फिरायला जाता तेव्हा ती कानात लावा, घरी आल्यावर पुस्तक समोर ठेवून पुन्हा ऐका, बोट ओळीवर फिरवत, आणि जिथे तिचा आवाज आणि तुमचा अंदाज वेगळा निघेल तिथे शब्दावर बारीक अक्षरात मराठीत उच्चार लिहून ठेवा. रविवारी मग तुम्ही वाचा.

आणि एक काम तिलाही द्या. तिला ग्लान्स माहीत असेल पण ओझरतं माहीत नसेल, रिलक्टंट माहीत असेल पण कां-कूं नसेल. दर गोष्टीतले पाच शब्द ती तुम्हाला बोलून दाखवेल आणि त्याच पाच शब्दांना तुम्ही तिला मराठी द्यायचं. या रविवारी कर्नलपासून सुरुवात करा, स्पेलिंग तिला सांगायला लावा.